पडदा आणि आपल्यामधलं अंतर

मोठा टीव्ही घेऊ का, असं कुणी विचारलं की मी आधी विचारते, तुम्ही बसणार कुठे? बहुतेकांना हा प्रश्न अनपेक्षित असतो. त्यांच्या मनात कंपनी असते, मॉडेल असतं, सवलत कधी लागेल याचा अंदाज असतो. सोफा भिंतीपासून किती लांब आहे, हे मात्र क्वचितच कुणी मोजलेलं असतं. आमच्या घरी पासष्ट इंची ओएलईडी टीव्ही आहे, म्हणजे ज्याचा प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो असा, चांगला महागातला. तो घेताना बरीच चर्चा झाली, घेतल्यावर त्याहून जास्त झाली, आणि त्या सगळ्यातून माझं एक मत पक्कं झालं. असल्या टीव्हीचे पैसे वसूल होणं न होणं हे जितकं त्या टीव्हीवर अवलंबून असतं, तितकंच तो ज्या खोलीत येतो त्या खोलीवर आणि समोर बसणाऱ्या माणसांवर.

पासष्ट इंच हे कर्णाचं माप. प्रत्यक्षात पडदा साधारण १४४ सेंटिमीटर रुंद आणि ८१ सेंटिमीटर उंच भरतो. फोर-के म्हणजे त्यावर आडवे ३८४० आणि उभे २१६० ठिपके, सगळे मिळून ८३ लाखांच्या आसपास. एकेक ठिपका पाव मिलिमीटरपेक्षा थोडा मोठा, अर्ध्या मिलिमीटरपेक्षा लहान. आता डोळ्यांचं बघू. निरोगी नजरेला एका अंशाच्या साठाव्या भागाएवढा तपशील सुटा दिसतो, त्याहून बारीक असेल तर तो शेजारच्यात मिसळून जातो. या हिशेबाने फोर-केचे ठिपके साधारण १.३ मीटरच्या पलीकडून वेगळे दिसत नाहीत, आणि फुल एचडीचे, जे रुंदीला दुप्पट असतात, ते २.६ मीटरच्या पलीकडून. म्हणजे पासष्ट इंची पडद्यापासून तीन मीटर लांब बसणाऱ्याला केवळ ठिपक्यांच्या संख्येतला फरक दिसणारच नाही. एट-केचं तर विचारूच नका. त्यात ठिपके ३.३ कोटी, पण याच मापाच्या पडद्यावर ते सुटे बघायचे तर ६५ सेंटिमीटरवर जाऊन बसावं लागेल. बैठकीच्या खोलीत असं कोण बसतं?

आकाराचं तसं नाही. तो लांबूनही कळतो. पंचावन्नवरून पासष्टवर जाणं बोलायला दहा इंच, पण क्षेत्रफळ सुमारे ४० टक्क्यांनी वाढतं. पडद्याने आपल्या नजरेतला निदान ३० अंशांचा कोन व्यापावा, असा एक जुना ठोकताळा आहे. पासष्ट इंचाला त्याचं अंतर २.७ मीटर येतं. थिएटरमध्ये मधल्या रांगेत बसल्यासारखं हवं असेल तर ४० अंश, म्हणजे दोन मीटर. आमचा सोफा आधी पार मागच्या भिंतीला टेकलेला होता. तो ओढून पुढे आणला आणि खोलीचा नकाशाच बदलला. मागे चालायला वाट राहिली, पुस्तकांचं कपाट सोफ्याच्या पाठीमागे गेलं. हा बदल मला आजही पूर्णपणे आवडलेला नाही. येणारा माणूस आत पाऊल टाकतो तेव्हा आम्ही सगळे त्याच्याकडे पाठ करून बसलेले असतो.

पण त्या दोन मीटरवर माझी आई बसते, आणि तिच्यामुळे मी या टीव्हीची बाजू घेते.

आईची नजर गेल्या काही वर्षांत मंदावली आहे. जुन्या बत्तीस इंची टीव्हीवर ती मालिका बघायची म्हणजे खरं तर ऐकायची. दोन बायका समोरासमोर उभ्या राहिल्या की “ही कोण गं?” असं विचारायची, आणि उत्तर येईपर्यंत प्रसंग संपलेला असायचा. हळूहळू तिने विचारणं सोडलं, मग बघणं. क्रिकेट तर तिने केव्हाच सोडलं होतं, कारण धावफलकावरचे आकडे दिसायचे नाहीत आणि चेंडू मुळीच दिसायचा नाही. मोठ्या पडद्यासमोर ती पुन्हा स्वतः बघायला लागली. चेहरे ओळखते, सबटायटल्स वाचते, फलंदाजाचा पाय रेषेच्या आत होता की बाहेर यावर माझ्या मुलाशी वाद घालते. जाहिरातीत हा उपयोग कुणी दाखवत नाही. तिथे बर्फाचे डोंगर आणि रंगीत पोपट असतात. म्हाताऱ्या डोळ्यांना अक्षर मोठं आणि ठळक मिळणं, ही माझ्या लेखी या वस्तूची सगळ्यात मोठी कमाई आहे, आणि तिचा ओएलईडी असण्या-नसण्याशी फारसा संबंध नाही. चांगला, स्वस्तातला पासष्ट इंची एलसीडीसुद्धा आईचं हे काम करेल.

मग महाग कशासाठी घ्यायचा? काळ्या रंगासाठी.

एलसीडी पडद्यात दिवे मागे असतात आणि पुढचे द्रवस्फटिक त्यांचा प्रकाश अडवतात किंवा सोडतात. अडवणं कधी पुरतं होत नाही. थोडा उजेड झिरपतोच, म्हणून रात्रीचं दृश्य राखाडी दिसतं. त्यावर उपाय म्हणून मागच्या दिव्यांचे शेकडो छोटे गट करून जिथे अंधार हवा तिथले मंद करतात, आणि महागड्या एलसीडीत ते खूपच चांगलं जमतं. तरी काळ्या पडद्यावर पांढरी सबटायटल्स आली की अक्षरांभोवती पुसटसं धुकं दिसतं. ओएलईडीमध्ये मागे दिवाच नसतो. प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो आणि काळा हवा असेल तिथे सरळ विझतो. चिंग तांग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी कोडॅकमध्ये १९८७ साली या सेंद्रिय प्रकाश-डायोडवरचा महत्त्वाचा शोधनिबंध प्रसिद्ध केला. दुकानात विकत मिळणारा पहिला ओएलईडी टीव्ही २००७ साली सोनीने आणला, तो जेमतेम अकरा इंचांचा होता. पंचावन्न इंची यायला २०१३ उजाडलं. त्याच सुमारास प्लाझ्मा या जुन्या तंत्राचे टीव्ही बाजारातून गेले. त्यांचा काळा रंगही सुरेख होता आणि जाणकार अजून त्यांच्या आठवणी काढतात.

कृष्णधवल चित्रपट मी या पडद्यावर पहिल्यांदा बघितला तेव्हा काय घडलं ते सांगते. रात्रीची वेळ, खोलीतले दिवे बंद. पडद्यावर एक माणूस अंधाऱ्या जिन्यात उभा. त्याने काडी ओढली. ज्योतीने आधी त्याचा तळहात उजळला, मग गालाचं हाड, मग मागच्या भिंतीचा सुटलेला गिलावा. बाकी सगळं काळं, आणि ते काळं आमच्या खोलीतल्या अंधारात बेमालूम मिसळलेलं. पडद्याची कड कुठे संपते हे सांगता येत नव्हतं. हा चित्रपट मी लहानपणापासून बघत आले होते आणि भिंतीवर गिलावा सुटलाय हे मला माहीतच नव्हतं. छायालेखकाने ते बघितलं होतं, त्यासाठी दिवे तसे लावले होते. त्याचं काम इतक्या वर्षांनी माझ्यापर्यंत पोहोचलं.

रुंद चित्रपटांबाबतही हेच. सिनेमास्कोप पद्धतीच्या चित्राचं प्रमाण साधारण २.३९:१ असतं, टीव्हीचं १६:९. त्यामुळे वर-खाली मिळून पडद्याचा पाव भाग रिकामा राहतो. जुन्या चौकोनी चित्रपटांना दोन्ही बाजूंना तेवढाच. राखाडी पट्ट्या सतत टोचतात. खरोखर काळ्या असल्या की त्या आहेत हे विसरायला होतं.

पण हे सगळं रात्री. आमच्या खोलीला पश्चिमेची मोठी खिडकी आहे. दुपारी तीननंतर तोच पडदा आरशासारखा खिडकी, गज आणि पडद्याची झालर दाखवतो, आणि तो माणूस जिन्यात उभा आहे की नाही हेही कळत नाही. जाड पडदे लावून आम्ही निम्मा प्रश्न सोडवला. ज्यांची खोली दिवसभर उजळ असते, ज्यांच्याकडे टीव्ही मुख्यतः दिवसाच लागतो, त्यांनी ओएलईडीच्या मागे लागू नये असं माझं स्पष्ट मत आहे. त्यांना जास्त उजेड फेकणारा एलसीडी बरा. बातम्यांची वाहिनी दिवसभर चालू ठेवणाऱ्या घरांनाही तेच सांगेन. सेंद्रिय ठिपके वापराने झिजतात. एकाच जागी तासन् तास तेच बोधचिन्ह आणि तीच पट्टी राहिली, तर तिथले ठिपके बाकीच्यांपेक्षा लवकर थकतात आणि त्या चिन्हाची सावली कायमची उमटू शकते. नव्या टीव्हींमध्ये ते टाळायच्या युक्त्या असतात, चित्र सूक्ष्म सरकवणं, बंद केल्यावर पडद्याची आपोआप निगा राखणं वगैरे. त्यांनी धोका कमी होतो, संपत नाही.

दुकानाबद्दल थोडं बोलायला हवं, कारण पैसे तिथेच दिले जातात. दुकानात झगझगीत दिवे असतात, टीव्ही रांगेत लावलेले असतात, आणि प्रत्येकाला शेजाऱ्यापेक्षा उठून दिसायचं असतं. म्हणून निळसर, भडक, कमाल उजेडाची सेटिंग लावलेली असते. त्या गर्दीत काळा रंग हरतो आणि पोपट जिंकतो. घरी आणल्यावर ती सेटिंग काढायची हे सांगायला कुणी येत नाही. त्याहून वाईट ती हालचाल गुळगुळीत करण्याची सोय. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींचा असतो. टीव्ही त्या दोन चौकटींच्या मध्ये स्वतःच्या अंदाजाने नव्या चौकटी तयार करून भरतो, आणि मग मोठ्या खर्चाने चित्रित केलेला चित्रपट स्टुडिओतल्या मालिकेसारखा दिसायला लागतो. नट चालतात ते जमिनीवरून घसरल्यासारखे वाटतात. २०१८च्या डिसेंबरमध्ये हॉलिवूडचा नट टॉम क्रूझ आणि दिग्दर्शक ख्रिस्तोफर मॅक्वॉरी यांनी केवळ ही सोय बंद करा हे सांगण्यासाठी एक व्हिडिओ प्रसिद्ध केला होता. पुढच्याच वर्षी ‘फिल्ममेकर मोड’ जाहीर झाला. तो लावला की असल्या लुडबुडी एका फटक्यात बंद होतात. ज्यांच्या घरी हा पर्याय आहे त्यांनी आज रात्री लावून बघावा. चित्र आधी पिवळट आणि मंद वाटेल. डोळ्यांना दोन-तीन संध्याकाळी द्या.

आता वाईट भाग. मोठा पडदा सगळंच मोठं करतो, उणिवासुद्धा.

जुन्या साध्या प्रसारणाची चौकट ७२० बाय ५७६ ठिपक्यांची. फोर-के पडद्यावर ते चित्र पडदाभर ताणलं की मूळच्या एका ठिपक्यातून टीव्हीला वीस ठिपके भरावे लागतात. एकोणीस त्याने कल्पनेने रंगवलेले. चांगल्या प्रोसेसरचा अंदाज चांगला असतो, पण नसलेला तपशील तो आणणार कुठून? व्हीएचएस टेपचं तर याहून कठीण. तिची आडवी स्पष्टता जेमतेम २४० रेषांची.

आमच्याकडे अशी एक टेप होती, घरातल्या सगळ्यांच्या सहलीची. तिच्यात बाबा आहेत. ते जाऊन बरीच वर्षं झाली. टेपवरून फाइल करून घेतली होती, आणि मोठा टीव्ही आल्यावर आईला ती त्यावर बघायची होती. आम्ही सगळे नेहमीच्या जागी बसलो. बाबा पाण्याच्या कडेने कॅमेऱ्याकडे चालत येतात, काहीतरी बोलतात आणि हसतात. त्या पडद्यावर त्यांचा चेहरा विरघळला होता. डोळ्यांच्या जागी दोन मळकट चौकोन, ओठांभोवती रंग सांडलेला. आई काही बोलली नाही. मुलगा उठला आणि म्हणाला, “आजी, तू मागे ये, दारापाशी.” त्याने तिची खुर्ची पार मागे, कपाटाच्याही पलीकडे नेऊन ठेवली. आम्हीही मागे गेलो. तिथून बाबा दिसले. चौकोन एकमेकांत मिसळले, कडा जुळल्या, आणि ते हसतात तेव्हा डोळे बारीक करतात तेही दिसलं. डोळ्याच्या त्या साठाव्या अंशाचा एरवी तोटाच मोजला जातो, त्या संध्याकाळी त्याने आम्हाला बाबा दिले. आईने ती फाइल तिथूनच तीनदा लावायला सांगितली. आता ती टेप बघायची असली की खुर्च्या मागे जातात, हे घरात ठरूनच गेलं आहे.

स्ट्रीमिंगचं चित्रही समजतो तितकं निर्मळ नसतं. फोर-के म्हणून जे येतं ते बरंच दाबून आलेलं असतं. सेकंदाला साधारण १५ ते २५ मेगाबिट एवढीच माहिती. तोच चित्रपट फोर-के ब्लू-रे चकतीवर असेल तर हा आकडा १००च्या पुढे जाऊ शकतो. धुकं, धूर, पाण्यावरचे तरंग, अंधारातल्या भिंती अशा ठिकाणी फरक लगेच दिसतो, पट्टे पट्टे उमटतात. छोट्या टीव्हीवर हे कधी जाणवलं नसतं. चांगल्या चित्राची एकदा सवय लागली की वाईट चित्र खुपायला लागतं. हा तोटा खराच आहे, आणि त्यावर उपाय नाही.

आवाजाबद्दल मला रागच आहे. टीव्ही जितका बारीक, तितकी त्यात स्पीकरला जागा कमी. स्पीकर तळाशी किंवा पाठीमागे असतात, आवाज भिंतीवर किंवा टेबलावर आपटून आपल्याकडे येतो. स्फोट ऐकू येतात आणि संवाद येत नाहीत. एवढे पैसे घेऊन विकलेल्या वस्तूत माणसाचं बोलणं नीट ऐकू येऊ नये, हे मला मान्य करता येत नाही. आईला दिसायला लागलं, पण ऐकू येईना, असं आमचं काही आठवडे चाललं. साउंडबार, म्हणजे टीव्हीखाली ठेवायचा लांबट स्पीकर, घेतला तेव्हा सुटका झाली. नव्या साउंडबारमध्ये बोलण्याचा आवाज वेगळा वाढवायची सोय असते, तिची मी मनापासून शिफारस करते. टीव्हीसाठी पैसे बाजूला काढताना आवाजाचे पैसे त्यातच धरा. त्यासाठी पडदा एका मापाने लहान घ्यावा लागला तरी चालेल.

मग ती ‘स्मार्ट’ टीव्हीची हुशारी. टीव्ही चालू केला की आपण मागितलेलं काही दिसायच्या आधी जाहिरातींच्या चौकटी दिसतात. पडद्यावर काय चाललंय हे ओळखून कंपनीला कळवणारी यंत्रणाही पुष्कळ टीव्हींत असते. अमेरिकेत २०१७ साली व्हिझिओ कंपनीने असल्याच प्रकरणात २२ लाख डॉलर भरून तडजोड केली. सुमारे १.१ कोटी टीव्हींवरून लोकांच्या संमतीशिवाय ते काय बघतात याची माहिती गोळा केल्याचा आरोप होता. सेटिंगमध्ये खोल कुठेतरी ही परवानगी असते, ती काढून घ्या. आणखी एक गोष्ट: पडदा दहा वर्षं टिकेल, पण आतली प्रणाली अद्ययावत ठेवायचा कंपनीचा उत्साह त्याआधी संपतो. मग एकेक ॲप अडखळायला लागतं. तेव्हा टीव्ही बदलू नका, वेगळा छोटा बॉक्स किंवा स्टिक जोडा.

पॅनेल नाजूक असतं, आडवं ठेवून न्यायचं नसतं, आणि तडा गेला तर दुरुस्तीचा खर्च जवळजवळ नव्या टीव्हीएवढा होऊ शकतो. लहान मूल घरात असेल तर तो भिंतीला नीट बांधून टाका. व्हिडिओ गेमसाठी माझा मुलगा १२० हर्ट्झचं, म्हणजे सेकंदाला १२० वेळा चित्र ताजं होण्याचं, कौतुक करतो, ते तोच जाणे. मला त्यातलं एवढंच कळतं की बटण दाबल्यावर पडद्यावर लगेच घडावं लागतं आणि या टीव्हीवर ते घडतं.

घरात वाद व्हायचा तो वेगळ्याच गोष्टीवरून. माझ्या नवऱ्याचं म्हणणं होतं की एवढी मोठी वस्तू आली की घर तिच्याभोवती फिरायला लागतं. बंद असली तरी भिंतीवर ती आहेच, दुसरं काही तिथे लावता येत नाही. त्याचं बरोबर होतं. चालू असलेल्या मोठ्या पडद्याकडे पाठ करून बोलताच येत नाही, डोळे आपोआप तिकडे जातात. छोटा टीव्ही कोपऱ्यात बडबडत राहिला तरी चालायचं, हा चालू असला की खोलीत दुसरं काही होत नाही. म्हणून आम्ही तो नुसता लावून ठेवत नाही. काय बघायचं ते ठरतं, दिवे बंद होतात, फोन आतल्या खोलीत जातात, आणि संपलं की टीव्ही बंद. एकूण बघणं पूर्वीपेक्षा कमी झालंय आणि जे बघतो ते शेवटपर्यंत बघतो. ही शिस्त टीव्हीने लावली असं मी म्हणणार नाही, ती आम्ही लावली. पण ती लावायची इच्छा मला त्या जिन्यातल्या काडीने दिली, हे खरं आहे. जे घर टीव्ही लावून ठेवून आपापल्या फोनमध्ये बघतं, त्या घराला मी हा खर्च करायला सांगणार नाही.

परवा दादाचा फोन आला. त्याच्या मनात पंच्याहत्तर इंची आहे. मी त्याला म्हटलं, दादा, तू आधी जुनी वर्तमानपत्रं चिकटवून १६६ बाय ९३ सेंटिमीटरचा कागद कर आणि भिंतीला लाव. मध्यबिंदू बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या पातळीला हवा, वर नको, नाहीतर मान दुखेल. मग तुझ्या नेहमीच्या खुर्चीत बस, एकदा दुपारी आणि एकदा रात्री. संध्याकाळी त्याचा पुन्हा फोन. कागद लावला तर शेजारच्या कपाटाचं दार निम्मंच उघडतंय, आणि समोरच्या भिंतीवर लावावा तर खिडकी बरोबर त्याच्यासमोर येते. मी पासष्टचं माप सांगितलं. कागद कापून तो उद्या कळवणार आहे.